योक्टोची टेम्प्लेट फाइल: माहिती कुठे लिहायची आणि किती

या वेळचा सगळा कॉलम एकाच विषयाला देतेय. एम्बेडेड लिनक्सवर काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न बरेच साठले होते आणि ते फिरून फिरून एकाच जागी येतात, की योक्टोच्या (उपकरणांसाठी स्वतःची लिनक्स बनवायच्या साधनांच्या) लेयरमधे, म्हणजे एका कामाच्या फाइल्स एकत्र ठेवलेल्या फोल्डरमधे, ज्या कॉन्फिग टेम्प्लेट फाइल्स असतात त्यांची माहिती कुठे आणि कशी लिहून ठेवायची. विषय छोटा वाटतो पण टीममधे नवीन आलेल्या माणसाचे पहिले काही दिवस सुरळीत जातात की नुसते चाचपडण्यात जातात ते बऱ्याचदा याच फाइल्सवर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमच्या लेयरमधे लोकल.कॉन्फ.सॅम्पल आणि बीबीलेयर्स.कॉन्फ.सॅम्पल अशा दोन फाइल्स आहेत, कॉन्फ-नोट्स.टीएक्सटी पण आहे पण ती रिकामीच आहे. लीडने मला सांगितलंय की हे सगळं डॉक्युमेंट कर. मी विचार करतोय की लोकल.कॉन्फ.सॅम्पलमधेच भरपूर कॉमेंट्स लिहून टाकाव्यात म्हणजे सगळ्यांना एकाच ठिकाणी सगळं मिळेल. चालेल ना?

उत्तर: थोड्या कॉमेंट्स चालतील, सगळं तिथे नका ओतू. का ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आपण ओई-इनिट-बिल्ड-एन्व्ह ही स्क्रिप्ट सोर्स करतो तेव्हा ती बिल्ड डिरेक्टरीतलं कॉन्फ फोल्डर उघडून बघते की लोकल.कॉन्फ आणि बीबीलेयर्स.कॉन्फ आहेत का. नसतील तर टेम्प्लेट फोल्डरमधल्या सॅम्पल फाइल्स तिथे कॉपी करते आणि नावातलं सॅम्पल काढून टाकते. असतील तर त्यांना हातही लावत नाही. म्हणजे एका बिल्ड डिरेक्टरीसाठी तुमची सॅम्पल फाइल फक्त एकदाच वापरली जाते. तुम्ही आज त्यात कितीही छान कॉमेंट लिहा, ज्याने गेल्या वर्षी डिरेक्टरी बनवली त्याच्याकडे गेल्या वर्षीचीच कॉमेंट राहणार आणि तो बिचारा तीच खरी धरून चालणार. गिट पुल केलं तरी ती बदलत नाही, कारण त्याची लोकल.कॉन्फ ही आता त्याची स्वतःची फाइल झालेली असते.

कॉन्फ-नोट्सचं तसं नाहीये. बऱ्याच आवृत्त्यांमधे ती कॉपी होत नाही, तुमच्या बिल्ड डिरेक्टरीच्या कॉन्फ फोल्डरमधे ती दिसत नाही ना ते एकदा बघून घ्या. प्रत्येक वेळी स्क्रिप्ट सोर्स केली की ती टेम्प्लेट फोल्डरमधूनच वाचून टर्मिनलवर छापली जाते. कुठलं टेम्प्लेट वापरलं होतं हे स्क्रिप्टने बिल्ड डिरेक्टरीतल्या टेम्प्लेटकॉन्फ.सीएफजी या फाइलमधे लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वेळी ती बरोबर त्याच फोल्डरकडे जाते. म्हणून नोट्समधे आज बदल केलात आणि माणसाने लेयर अपडेट केला की उद्या सकाळी त्याला नवीन मजकूर दिसणारच.

यावरून वाटणी आपोआप होते. जे वेळोवेळी बदलणार आहे ते नोट्समधे टाका, म्हणजे कुठली इमेज बिल्ड करायची, कमांड काय, फ्लॅश कसं करायचं ते कुठल्या पानावर लिहिलंय, सध्या कशाकडे लक्ष ठेवायचं. जे त्या माणसाला स्वतःच्या हाताने बदलायचंय तेवढंच सॅम्पलमधे ठेवा आणि त्याच्या वरच कॉमेंट लिहा. आणि जे सगळ्यांकडे सारखंच असायला हवं ते टेम्प्लेटमधे ठेवूच नका, ते डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्सच्या ठरलेल्या धोरणाच्या) किंवा मशीनच्या (बोर्डाच्या) कॉन्फ फाइलमधे गेलं पाहिजे. उदाहरणार्थ इनिट मॅनेजर (बूट होताना सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम) सिस्टमडी असणार हे तुमच्या प्रॉडक्टचं ठरलेलं असेल तर ती ओळ लोकल.कॉन्फ.सॅम्पलमधे असणं हीच चूक आहे, तिच्यावर कितीही चांगली कॉमेंट लिहिली तरी. उद्या ती बदलायची झाली तर तुम्हाला प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन सांगावं लागेल. डिस्ट्रो फाइल लेयरमधे असते, ती गिटबरोबर सगळ्यांपर्यंत पोचते.

माझा अनुभव असा आहे की डॉक्युमेंट करायला बसलं की निम्म्या ओळी टेम्प्लेटमधून उठून दुसरीकडे जातात आणि मग समजवायला फारसं काही उरतच नाही. तुमच्या लीडला हे आधी सांगा, म्हणजे तुम्ही फाइल लहान करताय म्हणून ते दचकणार नाहीत.

नोट्सबद्दल अजून एक. ती रोज दिसते म्हणून ती छोटी हवी. पोकीच्या, म्हणजे योक्टोच्या नमुना डिस्ट्रोच्या, डिफॉल्ट नोट्स बघा, नेहमीच्या इमेजेसची नावं, क्यूईमू (बोर्डाची नक्कल करणारा एम्युलेटर) कसं चालवायचं ती एक कमांड आणि चार-पाच उपयोगी टूल्स, बस. एका स्क्रीनमधे मावली नाही तर लोक वाचायचं सोडून देतात. नवीन आवृत्त्यांमधे कॉन्फ-समरी.टीएक्सटी नावाची अजून एक फाइल आलीये, तिच्यात हे टेम्प्लेट कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहायचं. एका लेयरमधे चार टेम्प्लेट्स असतील आणि कुणी ओई-सेटअप-बिल्डने यादी काढली की हेच वाक्य त्याला नावाशेजारी दिसतं, तेव्हा "डिफॉल्ट कॉन्फिगरेशन" असं काहीतरी लिहून मोकळे होऊ नका, कुठल्या बोर्डासाठी आणि कुठल्या कामासाठी ते लिहा.

प्रश्न: कॉमेंट लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं हेच कळत नाही. व्हेरिएबलचा अर्थ तर योक्टोच्या मॅन्युअलमधे आहेच की, तोच परत लिहायचा का?

उत्तर: अर्थ परत लिहायचा नाहीये. मॅन्युअलला जे माहीत नाही ते लिहायचं, आणि मॅन्युअलला तुमचा प्रोजेक्ट माहीत नसतो.

डीएल_डिर घ्या. बऱ्याच टेम्प्लेट्समधे त्याच्यावर "डाउनलोड डिरेक्टरी" एवढीच कॉमेंट असते. ही कॉमेंट काढून टाकली तरी कुणाचं काही नुकसान होणार नाही, कारण नावातच ते आहे. आता हे वाचून बघा: "सगळे सोर्स टारबॉल इथे साठतात. बिल्ड डिरेक्टरी पुसली तरी हे फोल्डर ठेवा, पुढच्या वेळी परत डाउनलोड करावं लागणार नाही. एकाच मशीनवरच्या अनेक बिल्ड्सना हे शेअर करता येतं, म्हणून बिल्ड डिरेक्टरीच्या बाहेरचा पाथ द्या." वाचणाऱ्याला बदलायचं का, कशाने बदलायचं आणि नाही बदललं तर काय होतं, तिन्ही कळलं. टीएमपीडिरवर पण असंच, तिथे "टेम्प डिरेक्टरी" लिहिण्यापेक्षा "हे एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फोल्डरवर) ठेवू नका, सॅनिटी चेक (बिल्डआधीची तपासणी) बिल्ड सुरूच होऊ देणार नाही" हे लिहिलं तर एखाद्याची अख्खी दुपार वाचते. एसस्टेट_डिर (आधीच्या बिल्डचे तयार भाग साठतात ते फोल्डर) मात्र नेटवर्कवर शेअर करता येतं आणि टीमसाठी ते करावंच, तेही तिथेच लिहा कारण दोन्ही ओळी जवळजवळ असतात आणि नवीन माणूस दोघांना एकच नियम लावतो.

आकडे असतील तिथे तर कॉमेंट हवीच हवी. डिस्कवर लक्ष ठेवणारं जे बीबी_डिस्कमॉन_डिर्स आहे त्यात १जी,१००के आणि १००एम,१के असं काहीतरी असतं, ते पोकीच्या सॅम्पलमधून जसंच्या तसं सगळीकडे गेलंय. आता यातला पहिला आकडा म्हणजे मोकळी जागा, पण दुसरा म्हणजे मोकळ्या आयनोड्सची (डिस्कवर अजून किती फाइल्स बनू शकतात त्याची) संख्या, किलोबाइट नाही. म्हणजे १००के म्हणजे साधारण एक लाख आयनोड्स. लोक ते किलोबाइट समजून वाढवतात किंवा कमी करतात आणि मग भरपूर जागा शिल्लक असताना बिल्ड थांबलं म्हणून डोकं धरून बसतात. आणि दोन ओळींमधला फरक पण लिहा, स्टॉपटास्क्स लागलं की चालू असलेली टास्क्स पूर्ण होतात आणि नवीन सुरू होत नाहीत, हॉल्ट लागलं की तिथल्या तिथे बंद.

आणि फाइल लिहिताना बिटबेकच्या (योक्टोचं बिल्ड चालवणाऱ्या टूलच्या) दोन खोडी लक्षात ठेवा नाहीतर तुमची कॉमेंटच बिल्ड मोडेल. पहिली, व्हॅल्यूच्या पुढे त्याच ओळीत हॅश टाकून कॉमेंट लिहिता येत नाही, शेल स्क्रिप्टची सवय असलेला माणूस हमखास तसं लिहितो आणि पार्स एरर येतो. कॉमेंट नेहमी स्वतंत्र ओळीवर. दुसरी, बीबीलेयर्ससारखी यादी बॅकस्लॅशने अनेक ओळींवर पसरलेली असते, तिच्या मधल्या एखाद्या ओळीपुढे हॅश लावला तर ती ओळ बंद होत नाही, बॅकस्लॅशमुळे सगळ्या ओळी आधी जोडल्या जातात आणि तो हॅश व्हॅल्यूचाच भाग बनून जातो. म्हणून "हा लेयर नको असेल तर पुढे हॅश लावा" अशी सूचना नोट्समधे कधीच लिहू नका. "ती ओळ डिलीट करा" असं लिहा, किंवा बिटबेक-लेयर्सची रिमूव्ह-लेयर कमांड द्या.

प्रश्न: माझ्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालणारी बीबीलेयर्स.कॉन्फ मी लेयरमधे सॅम्पल म्हणून टाकली आणि दुसऱ्या सहकाऱ्याकडे ती चालतच नाही, त्यात माझ्या होम डिरेक्टरीचे पाथ गेलेत. प्रत्येकाने आपापला पाथ बदलून घ्यावा असं डॉक्युमेंटमधे लिहिलं तर पुरेल का?

उत्तर: नाही, ही लिहून सुटणारी गोष्ट नाहीये, फाइलच दुरुस्त करा. सॅम्पलमधे पूर्ण पाथच्या जागी ##ओईरूट## अशी खूण ठेवायची असते, दोन्ही बाजूंना दोन-दोन हॅश. कॉपी करताना स्क्रिप्ट त्या जागी त्या माणसाच्या मशीनवरचा खरा पाथ घालते. तुमचे लेयर्स पोकीच्या फोल्डरशेजारी असतील तर खुणेनंतर डॉट-डॉट करून एक पायरी वर जाता येतं, बरेच लोक तसंच करतात.

हे हाताने करायची पण गरज नाही. बिटबेक-लेयर्स सेव्ह-बिल्ड-कॉन्फ अशी कमांड आहे, तिला लेयरचा पाथ आणि टेम्प्लेटचं नाव दिलं की सध्याच्या चालू बिल्ड डिरेक्टरीवरून ती टेम्प्लेट बनवून देते आणि पाथच्या जागी खूण पण घालते. फक्त ती तुमची लोकल.कॉन्फ जशी आहे तशीच उचलते हे विसरू नका. त्यात तुम्ही गेल्या आठवड्यात डीबगिंगसाठी घातलेलं कायकाय असेल, पॅरलल_मेकमधे तुमच्या मशीनचे कोअर्स असतील, एखाद्या प्रॉक्सीचा पत्ता, क्वचित पासवर्डही. कमांड स्वतःच शेवटी सांगते की या फाइल्स एकदा नजरेखालून घाला आणि वर्णन लिहा, पण ते वाक्य बहुतेक लोक वाचत नाहीत आणि नोट्समधे कमांडने टाकलेला भरीचा मजकूर तसाच राहून जातो. तुम्ही कमिट करण्याआधी सॅम्पल फाइल ओळ न ओळ वाचा आणि प्रत्येक ओळीला विचारा की ही दुसऱ्या माणसाला लागणार आहे का.

मशीनप्रमाणे बदलणाऱ्या या गोष्टींसाठी साइट.कॉन्फ आहे. थ्रेड्स किती, डाउनलोड कुठे, प्रॉक्सी काय हे तिथे जातं. बिटबेक आधी साइट.कॉन्फ वाचतं, मग ऑटो.कॉन्फ, मग लोकल.कॉन्फ, आणि त्यानंतर मशीन आणि डिस्ट्रोच्या फाइल्स. हा क्रम तुमच्या डॉक्युमेंटमधे कुठेतरी एका वाक्यात असू द्या, पुढच्या प्रश्नात तो लागणारच आहे.

मग रिकाम्या जागेत नवीन बिल्ड डिरेक्टरी करून टेम्प्लेट तपासा, शक्यतो दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर. बिटबेक -पी चालवलं की फक्त पार्सिंग होतं, पूर्ण बिल्डची वाट बघावी लागत नाही. हे सीआयमधे (आपोआप बिल्ड आणि तपासणी करणाऱ्या व्यवस्थेत) टाकता आलं तर फारच उत्तम, कारण टेम्प्लेट रोज कुणी वापरत नाही, जुने लोक आपल्या जुन्या डिरेक्टरीवर खुश असतात आणि ते मोडलंय हे कळतं ते थेट नवीन माणूस आल्यावर.

प्रश्न: आमच्या नोट्समधे लिहिलंय की दुसऱ्या बोर्डासाठी बिल्ड करायचं असेल तर कमांडच्या आधी मशीन, मग बरोबरचं चिन्ह (=) आणि मग बोर्डाचं नाव असं लिहून बिटबेक चालवा. पण तसं केलं तरी जुन्याच बोर्डासाठी बिल्ड होतं. नोट्स चुकीच्या आहेत की आमचं काही चुकतंय?

उत्तर: नोट्स आणि टेम्प्लेट एकमेकांशी जुळत नाहीयेत. तुमच्या लोकल.कॉन्फमधे मशीनची ओळ उघडून बघा, तिथे साधं बरोबरचं चिन्ह असणार. साधं बरोबर म्हणजे ठाम, एन्व्हायर्नमेंटमधून आलेली किंमत ते पुसून टाकतं. पोकीच्या सॅम्पलमधे तिथे दोन प्रश्नचिन्हं आणि मग बरोबर असं असतं, त्याचा अर्थ आधी कुणीच काही दिलं नसेल तरच ही किंमत घे. ते केलंत की नोट्समधली कमांड चालेल.

हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं कारण टेम्प्लेटमधे कुठलं चिन्ह वापरलंय हेसुद्धा एक प्रकारचं डॉक्युमेंटेशनच असतं. प्रश्नचिन्ह म्हणजे "हे बदलायला हरकत नाही, आणि बाहेरूनही बदलता येईल". साधं बरोबर म्हणजे "इथे हेच". लिहिणाऱ्याने विचार न करता चिन्ह टाकलं की वाचणाऱ्याला चुकीचा निरोप जातो. आणि याची दुसरी बाजू म्हणजे डिस्ट्रोची फाइल लोकल.कॉन्फच्या नंतर वाचली जाते, तिथे साधं बरोबर असेल तर लोकल.कॉन्फमधे माणसाने लिहिलेलं काहीही टिकत नाही, मग तो म्हणतो मी लिहिलं तरी लागूच होत नाही. जे माणसाने बदलावं असं तुम्ही टेम्प्लेटच्या कॉमेंटमधे म्हणताय ते डिस्ट्रो फाइलमधे प्रश्नचिन्हानेच दिलेलं आहे ना, हे तपासल्याशिवाय ती कॉमेंट लिहू नका.

नोट्समधे एक कमांड आवर्जून द्या, बिटबेक-गेटव्हार आणि पुढे व्हेरिएबलचं नाव. ती नुसती किंमत सांगत नाही, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर ती ठरली, मधे कुणी बदलली, सगळा इतिहास दाखवते. निम्मे प्रश्न तुमच्यापर्यंत येण्याआधीच सुटतील.

यादीत भर घालायची असेल, म्हणजे इमेजमधे एखादं पॅकेज, तर उदाहरणाची ओळ टेम्प्लेटमधे कॉमेंट करून ठेवा आणि त्यात अपेंडच्या आधी कोलन असू द्या. ऑक्टोबर २०२१ च्या ३.४ पासून, म्हणजे हॉनिस्टरपासून, अंडरस्कोरची जुनी पद्धत गेली पण जुन्या टेम्प्लेट्समधे ती अजून सापडते आणि लोक तीच कॉपी करतात. अवतरणचिन्हाच्या आत सुरुवातीला एक स्पेस लागते, तीही दाखवा आणि का ते सांगा, नाहीतर दोन पॅकेजेसची नावं एकमेकांना चिकटतात आणि मग भलत्याच नावाचं पॅकेज सापडत नाही असा एरर येतो.

प्रश्न: योक्टोच्या किर्कस्टोन (४.०) आवृत्तीवरून स्कार्थगॅपवर (५.०) गेलो आणि टेम्प्लेटकॉन्फ (टेम्प्लेटचा पाथ सांगणारं व्हेरिएबल) चालेनासं झालं. एरर म्हणतो पाथ चुकीचा आहे. फाइल्स तर जागेवरच आहेत.

उत्तर: जागाच बदललीये. ४.१ लँगडेलपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, टेम्प्लेट लेयरच्या कॉन्फ फोल्डरमधे थेट ठेवता येत नाही. कॉन्फच्या आत टेम्प्लेट्स आणि त्याच्या आत टेम्प्लेटच्या नावाचं फोल्डर हवं, पोकीचं स्वतःचं मेटा-पोकी/कॉन्फ/टेम्प्लेट्स/डिफॉल्ट मधे आहे. फाइल्स तिथे हलवा, डॉट-टेम्प्लेटकॉन्फ फाइल असेल तर तिच्यातला पाथ बदला, आणि रीडमीत जिथे जिथे जुना पाथ लिहिलाय तिथेही. चालू बिल्ड डिरेक्टरीत जुना पाथ टेम्प्लेटकॉन्फ.सीएफजीमधे लिहिलेला असतो, नवीन पाथ एक्स्पोर्ट करून तिथे फरक पडत नाही, तेव्हा आवृत्ती बदलताना नवीन बिल्ड डिरेक्टरी करा असंच मी सांगेन आणि नोट्समधेही तसंच लिहा.

प्रश्न: तुम्ही म्हणता सॅम्पल एकदाच कॉपी होतं. मग सॅम्पलमधे खरंच महत्त्वाचा बदल झाला तर जुन्या लोकांना कळवायचं कसं? आम्ही मेल टाकतो पण कुणी वाचत नाही.

उत्तर: यासाठी सोय आधीपासून आहे, वापरत मात्र फार कमी लोक. लोकल.कॉन्फ.सॅम्पलच्या अगदी शेवटी कॉन्फ_व्हर्जन अशी एक ओळ असते. लोकांना ती निरुपयोगी वाटते आणि साफसफाई करताना ती उडवतात, तसं करू नका. बिल्ड सुरू होण्याआधी सॅनिटी चेक या आकड्याची लोकलकॉन्फ_व्हर्जनशी तुलना करतो, आणि जुळलं नाही तर सरळ सांगतो की तुमची लोकल.कॉन्फ वेगळ्या आवृत्तीच्या सॅम्पलवरून बनलेली आहे, दोन्ही फाइल्स ताडून बघा, बदल घ्या आणि मग आकडा जुळवा. कुठल्या दोन फाइल्सची तुलना करायची ती कमांडही देतो.

लोकलकॉन्फ_व्हर्जन तुम्ही तुमच्या डिस्ट्रो फाइलमधे देऊ शकता. सॅम्पलमधे मोडणारा बदल केलात की दोन्हीकडचा आकडा एकदमच वाढवा, जुन्या डिरेक्टरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या बिल्डला कळेलच, मेल वाचला असो वा नसो. एवढंच की तो संदेश डिफॉल्टने पोकीकडच्या सॅम्पलकडे बोट दाखवतो, म्हणून सॅनिटी_लोकलकॉन्फ_सॅम्पल हे व्हेरिएबल तुमच्या सॅम्पलच्या पाथवर लावा, नाहीतर माणूस भलत्याच फाइलशी तुलना करत बसेल.

आणि तुलना करणाऱ्याला काय बदललं हे कळावं म्हणून त्या आकड्याच्या वरच कॉमेंटमधे लिहा, आकडा तीन झाला तेव्हा काय काढलं आणि का, चार झाला तेव्हा काय घातलं. गिट लॉगमधे हे असतंच असं कुणी म्हणेल, पण त्या क्षणी त्या माणसासमोर गिट लॉग नसतो, दोन फाइल्स शेजारी शेजारी उघडलेल्या असतात आणि त्याला घाई असते. आकडा उगाच वाढवू नका मात्र, कॉमेंटमधलं शुद्धलेखन सुधारलं म्हणून सगळ्यांचं बिल्ड अडवलंत तर पुढच्या वेळी लोक न वाचताच आकडा बदलून मोकळे होतील.

प्रश्न: डीबग-ट्वीक्स टेम्प्लेटमधे असावं का? आमच्याकडे यावरून वाद आहे. डेव्हलपर म्हणतात लागतं, टेस्टवाले म्हणतात काढा.

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दोन टेम्प्लेट्स करा. डीबग-ट्वीक्समुळे रूटला पासवर्डशिवाय लॉगिन करता येतं, डेव्हलपरला बोर्ड टेबलावर असताना ते लागतंच. पण पोकीच्या सॅम्पलमधे ते कित्येक वर्षं डिफॉल्ट होतं आणि तिथून न बघता प्रॉडक्टच्या टेम्प्लेट्समधे उतरलं, हे मला मनापासून चिंतेचं वाटतं, कारण विकलं गेलेलं उपकरण कुणी परत उघडून बघत नाही. ५.२ वॉल्नास्कारमधे योक्टोने हे फीचर काढूनच टाकलं, आता रिकामा पासवर्ड चालू द्या, रूटचा पासवर्ड रिकामा ठेवा, रूट लॉगिन चालू द्या असं प्रत्येक गोष्टीला वेगळं नाव आहे. मला हा बदल आवडला, कारण आता ओळ वाचूनच कळतं की आपण काय उघडं ठेवतोय.

तुमच्या लेयरमधे एक टेम्प्लेट डेव्हलपमेंटचं आणि एक रिलीजचं ठेवा. डेव्हलपमेंटवाल्याच्या नोट्समधे पहिल्याच ओळीत लिहा की या इमेजमधे रूटला पासवर्ड नाही, ही बाहेर पाठवायची नाही. रोज दिसणारी जागा आहे ती, अशा वाक्यासाठीच वापरा. रिलीजवाल्यात त्यातलं काही नसावं, आणि "का नाही" हे कॉमेंटमधे लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी सोयीसाठी परत घालेल.

प्रश्न: आम्ही योक्टो नाही, बिल्डरूट (एम्बेडेड लिनक्स बनवायचं दुसरं साधन) वापरतो. डेफकॉन्फिगमधे (बोर्डासाठी निवडलेल्या ऑप्शन्सच्या फाइलमधे) कॉमेंट्स लिहिल्या होत्या, काही दिवसांनी सगळ्या गायब. कुणी काढल्या कळेना.

उत्तर: कुणी मुद्दाम काढल्या नसणार. मेक सेव्हडेफकॉन्फिग चालवलं की ती फाइल नव्याने लिहिली जाते, डिफॉल्टपेक्षा वेगळे असलेले ऑप्शन्स तेवढे राहतात आणि हाताने लिहिलेल्या कॉमेंट्स जातात. बिल्डरूटमधे बोर्डाची माहिती बोर्ड फोल्डरमधल्या रीडमी.टीएक्सटीमधे ठेवायची पद्धत आहे, सोर्समधे आधीपासून असलेल्या बोर्डांच्या उघडून बघा, बिल्ड कसं करायचं, कुठल्या फाइल्स तयार होतात, एसडी कार्डवर कसं लिहायचं अशा क्रमाने असतात आणि फार नेटक्या असतात. तुम्ही स्वतः घातलेल्या ऑप्शन्सचं स्पष्टीकरण कॉन्फिग.इन मधल्या हेल्प मजकुरात लिहा, मेन्यूकॉन्फिगमधे त्या ऑप्शनवर उभं राहून माणूस मदत मागतो तेव्हा तोच दिसतो. आणि एखादा ऑप्शन विचित्र कारणासाठी चालू ठेवला असेल, तर ते कारण कमिट मेसेजमधे आणि रीडमीत दोन्हीकडे असू द्या.

कास (यॅमल फाइलवरून योक्टोचं बिल्ड उभं करणारं टूल) वापरणाऱ्यांचाही असाच प्रश्न आलाय, त्यांना इथेच सांगते. कास तुमची लोकल.कॉन्फ आणि बीबीलेयर्स.कॉन्फ स्वतः तयार करतं आणि प्रत्येक वेळी नव्याने लिहितं, तिथे योक्टोची टेम्प्लेट्स लागत नाहीत आणि लोकल.कॉन्फमधे हाताने लिहिलेलं टिकतही नाही. तुमची माहिती यॅमल फाइलमधे, त्या त्या ब्लॉकच्या वर कॉमेंट म्हणून गेली पाहिजे. लोकल.कॉन्फसाठीच्या हेडरमधे प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव देता येतं, ती नावं एक-दोन अशी न देता कामावरून द्या, कारण दुसऱ्या यॅमलमधून तो तुकडा बदलायचा असेल तर त्याच नावाने बदलावा लागतो.

पुढच्या कॉलमसाठी डिव्हाइस ट्रीबद्दलचे प्रश्न घेणार आहे, ज्यांना पाठवायचेत त्यांनी बोर्डाचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि बूट लॉग जोडून पाठवा.